डावीकडून चौथा

गावाच्या कोंडवाड्यात आता संग्रहालय आहे.
आधी इथे चुकलेली गुरं यायची,
दंड भरून मालक सोडवून न्यायचे.
आता वस्तू येतात. सोडवायला कोणी येत नाही.

किल्ली माझ्याकडे असते, कारण
शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं मी
एकही नळी न फोडता काढली.
पुसायचं, मोजायचं, जागच्या जागी ठेवायचं.
सरपंचांना वाटलं, इतिहासाला एवढंच लागतं.

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कार्यक्रम.
मार्चात जुनी मापं होती.
घरातली पायली घेऊन या म्हटलं, तर तेवीस आल्या
आणि कोणतीच दुसरीएवढी भरली नाही.
ज्वारी मोजता मोजता दोन दुकानदार
पाणी प्यायला म्हणून उठले,
ते अजून पाणी पिताहेत.

एप्रिलचा विषय: फोटोतली माणसं ओळखा.
फोटो एकच. पांझरेवरचा बंधारा,
फडाच्या पाटातला गाळ काढून दमलेले अठरा जण,
मागे निंबाचं झाड, सावली कोणावरच नाही.
चादरीवर मोठा करून पाडला.
पंखा लावला की अठराही जण हलायचे,
म्हणून पंखा बंद.
सत्तर माणसं घाम पुसत
मेलेल्यांकडे बघत बसली.

मग नावं यायला लागली.
उखर्डू. दगा. झिपरू. धुडकू.
पोर जगावं म्हणून
उकिरड्यात लोळवून घेतलेली नावं.
ती पोरं जगली, फावडी धरून उभी राहिली.
मी पेन्सिलने लिहीत गेलो.

डावीकडून चौथ्यापाशी गाडी अडली.
"हाऊ मना बाप शे," हिलाल नांद्रे उठले. "कान देख."
"कान काय देखस? हाऊ मना आजला शे," मधल्या रांगेतून भिकन बेडसे,
"मिशी देख."
कान दोन्ही घरांत तसेच निघाले.
मिशी तर त्या काळी सगळ्यांनाच होती.
चहा निवला. कोणीतरी जुनी वर्गणी काढली,
कोणीतरी बांधावरची जांभूळ.
मी दोन्ही नावं लिहिली, मधे तिरकी रेघ.
त्या रेघेवरून दोघं माझ्याशी बोलत नाहीत.

सगळे गेल्यावर छबाबाई मालचे चटया गुंडाळत होत्या.
म्हणाल्या, चादर काढू नका.
"तो हात कोना शे?"
उजवीकडे, फोटो संपतो तिथे,
मनगटापासून पुढे एक हात. हातात कंदील.
भर उन्हात कंदील कशाला, कोणीच विचारलं नव्हतं.
मी वर्षभर तो फोटो रोज पुसला.
मला कंदील दिसला होता.

त्या कपाटाकडे वळल्या.
आत तोच कंदील, किंवा तसाच,
खाली माझ्या अक्षरात: पाटकऱ्याचा कंदील.
"पाटकरी दिवसा फिरे," त्या म्हणाल्या.
"रातले पाट कोन राखे?
साप, इच्चू, पानी चोरनारा,
तिन्हीस्ले एकच कंदील."
मी नाव विचारलं.
"सर्वा जागल्याच म्हनेत."
चटई भिंतीला उभी केली.
"घरमा नाव व्हतं. ते घरमाच ऱ्हायनं."

कपाट उघडलं.
हातमोजे घालायला सांगायचा नियम आहे.
सांगितलं नाही.
त्यांनी कंदील उचलला, काच वर सरकवली,
वात नसलेल्या जागी फुंकर घातली.
धुळीसाठी की सवयीने, कळलं नाही.

'पाटकऱ्याचा' हा शब्द मी खोडायला गेलो,
पण तो शाईचा होता.
रबराने कागद फाटला. भोक तसंच ठेवलंय.

मेचा विषय सरपंचांनी ठरवला होता,
लग्नातली जुनी भांडी.
मी फळा पुसला.
कार्यक्रम या वेळी रात्री आहे, पाटावर.
ज्याने त्याने आपापला उजेड आणावा.