बाण

अमळनेर. मे. रात्रीचे दोन, पत्रा अजून तापलेला.
पडद्यावर लोखंड: सोळा हजार अणू,
प्रत्येकाच्या पोटात एक बाण.

मागे अणू खिळवून नुसते बाण फिरवले होते.
उत्तर आलं नीटनेटकं, आणि चूक.

आज अणूंना थरथरू दिलं.
एक सरकतो, शेजारचा बाण कलतो,
बाण कलला की ओढ बदलते,
अणू पुन्हा हलतो.
आधी कोण, विचारू नये.

"इतली रात काय करी ऱ्हायनी वं?"
माय कुशीवर वळते, बाज करकरते.

तापमान वाढवते.
नथूमामाच्या भट्टीत पडलेलं चुंबक आठवतं,
नंतर टाचणीही उचलेना;
मामा तरी ते गल्ल्यातच ठेवायचा.

हजार चाळीस केल्विन.
बाण सैरभैर.
लाईट जाते.
पंखा थांबायच्या आत
माय उठून बसते.