दहापैकी किती

नरसव्वा दुडम, वय एकसष्ट,
कुंभारीच्या घरकुलातली.
दोन्ही गुडघे परवा बदललेले.
"दहापैकी किती दुखतंय, मावशी?"
"दहात कुठं मोजायचं बाई,
आमचा कट्टा पंचविसाचा.
कट्ट्यात म्हणशील तर वीस-बावीस."
मी फॉर्मवर आठ लिहिले.

चष्मा आला तेव्हा
ज्यांना उठता येत नव्हतं त्याही कोपरावर झाल्या.
डब्याएवढा, काळा, मागं पट्टा,
दर पेशंटनंतर स्पिरिटनं पुसायचा.
अंबाड्यावर पट्टा बसेना.
सुनेनं एकेक पिन काढली.

"अय्यो, बर्फ!"
बाहेर होटगी रोडवर त्रेचाळीस डिग्री,
पंखा तीच तापलेली हवा ढवळतोय,
आणि ही छताच्या पोपड्यांकडं मान करून
नाव माहीत नसलेली झाडं बघतेय.

तौसीफनं टाच धरली. पाय वाकवला.
काल एवढ्यावर वॉर्ड हादरला होता.
आज नुसता श्वास अडकला
आणि सुटला.

मग तिचे हात उठले,
पांघरुणावरून, हवेत.
डाव्या बोटांत पान धरलं,
चिमटीनं तंबाखू पसरला,
वळला,
नखानं तोंड दुमडलं,
दोऱ्याचे दोन फेरे, गाठ.
हातात काहीच नव्हतं,
पण कारखान्यातल्या चेकरनं
त्यातली एकसुद्धा छाटली नसती.

"काय करताय मावशी तिकडं?"
"बसलेय की."
"कशा?"
"कशा म्हणजे? मांडी घालून.
केवढी जागा आहे इथं, सरक म्हणणारं कुणी नाही."

तौसीफ माझ्याकडं बघेना, मी त्याच्याकडं.
सकाळीच मी तिच्या कागदावर
लाल पेनानं लिहिलं होतं:
जमिनीवर बसू नये. मांडी घालू नये. कायमचं.
सुनेला दोनदा वाचूनही दाखवलं होतं.

पंधरा मिनिटं झाली.
चष्मा काढला. कपाळावर पट्ट्याचा वळ,
डोळे ट्यूबलाइटला मिचकावतायत.
"आता किती?"
"दहा-अकरा असतील.
कट्ट्यातले, बरं का."
मी चार लिहिले.

अकरा नंबरची कण्हत होती,
चष्म्याची वाट बघत.
मी बोळा स्पिरिटमध्ये बुडवला.

"तेवीस झाल्या होत्या गं,"
नरसव्वा आपल्या रिकाम्या ओंजळीकडं बघून म्हणाली,
"कट्टा अर्धवट ठेवू नये."

दोनच राहिल्या होत्या.
मी बोळा बाजूला ठेवला
आणि पट्टा पुन्हा बांधला.