अन्

भोईवाड्याच्या पालिका शाळेत, दुसऱ्या मजल्यावर,
रात्री साडेसातला
चौथीच्या बाकात माझे गुडघे मावत नाहीत.
मिस्किटा मॅडम फळ्यावर दोनच अक्षरं काढतात,
यू आणि एन.
हा तुकडा पुढे लावा, म्हणतात,
शब्द उलटा होतो.
हॅपीचं अनहॅपी. लॉकचं अनलॉक.
मागून वॉचमन सहदेव कुळे विचारतो,
मग अंकलचं सुलटं काय, मॅडम? कल?
वर्ग हसतो. मॅडमही.
सगळे अन सारखे नसतात, एवढंच सांगतात,
आणि खडूचे हात साडीला पुसतात.

मला हे शब्द आधीपासून येतात.
अठरा वर्षं झाली, मेल वॉर्डला आया आहे मी.
अनकॉन्शस. अनफिट. अनक्लेम्ड.
स्पेलिंग येत नव्हतं, वजन ठाऊक होतं.
अनकॉन्शसची कूस दर दोन तासांनी बदलायची.
अनक्लेम्डला चादर नेहमी आखूड पडते.
आणि खाडा झाला की अनपेड,
तो तर मी झोपेतही वाचेन.

घरी भांडी घासताना आपले शब्द तपासले.
अनोळखी. अनावर. अनाथ.
म्हणजे हा तुकडा आपल्याकडेही आहे की!
धाकटी पुस्तकातून मान न काढता म्हणाली,
अनाथ त्यात नाही, आई.
तो नाथाला नुसता अ लावून होतो.
बरं बाई, म्हटलं. अनाथ वेगळा ठेवला.

चौदा नंबरच्या केसपेपरवर लिहिलं होतं:
अननोन. पुरुष. अंदाजे पन्नास.
पायांना भेगा, करंगळीत तांब्याचं वळं,
खिशात चण्याची पुडी.
तिसऱ्या रात्री साडेतीनला त्यानं डोळे उघडले.
मी चमचा ओठाला लावला.
पाणी, म्हणाला तो. पाणी अन्

अन् काय?
अन् भाकर? अन् घरी कळवा?
अन् कुणाचं नाव?
मी कान त्याच्या तोंडाशी नेला.
आमच्यात अन् म्हटल्यावर
माणूस थांबत नाही हो,
पुढं काहीतरी यायचंच असतं.
सकाळपाळीची येईपर्यंत
चमच्यातलं पाणी माझ्या हातात कोमट झालं.

शुक्रवारी चाचणी. दहा शब्द.
नऊ बरोबर आले.
दहावा अननोन.
रोज डोळ्यांसमोर असलेला शब्द,
आणि मी तोच चुकले.
मध्ये एक के असतो म्हणे,
बोलायचा नसतो, पण लिहायचा असतो.
मॅडमनी लाल पेनानं तो आत बसवला.
जागा नव्हती,
म्हणून जरा वर, जरा तिरका,
दोन अक्षरांना सरकवून घेतल्यासारखा.