वतीने

गुलटेकडीच्या बाजारात, कांद्याच्या गाळ्यांमागं
एक स्वच्छतागृह आहे. महिलांसाठी.
भिंतीवर बाईचं चित्र, अंबाडा घातलेली, लाल साडीतली.
दाराला कुलूप.
तीन वर्षं मी त्या कुलपाला पत्रं लिहिली.

म्हणजे कुलपाला नाही. माननीय सचिवांना,
मग आरोग्य खात्याला, मग क्षेत्रीय कार्यालयाला,
जिथं पंख्याखालचे कागद दगडानं दाबून ठेवतात.
संदर्भ: आमचे यापूर्वीचे पत्र.
संदर्भ: त्याच्याही पूर्वीचे.
महोदय, कांदा निवडणाऱ्या एकशे बारा महिलांच्या वतीने
आपणास नम्र विनंती की.

'वतीने' हा शब्द मला आवडायचा.
इस्त्रीचा होता तो.
तो अंगावर असला की कुठल्याही केबिनमध्ये शिरता यायचं,
चहा यायचा, एखाद वेळी क्रीमचं बिस्कीट,
साहेब म्हणायचे, मॅडम, तुमचा ड्राफ्ट फार सुरेख असतो.
सही, शिक्का, आवक क्रमांक,
आणि मी स्कूटरवरून सहकारनगरला परत.
खोटं कशाला बोलू,
त्या दिवशी जेवण गोड लागायचं.

इंदुबाई गालफाडे ढिगावरून मान न उचलता विचारायची,
"काय म्हनला कागुद?"
प्रक्रियेत आहे, मी म्हणायचे.
"आमी बी प्रक्रियेतच हाय की.
पाटं पाचला घरनं जाऊन येतो, ते थेट सांजंला."
बायका हसायच्या. मीही.
त्या दिवसभर पाणी पीत नाहीत
हे मी परिशिष्ट 'ब' मध्ये नमूद केलं होतं.

एकदा तिनं सहजच विचारलं,
"ताई, तुमी कुटं जाता वो?"
मी घरी जात होते.
बाजारात मला कधी लागलीच नव्हती,
तासाभराहून जास्त
मी तिथं कधी नव्हतेच.

मार्चमधल्या एका सोमवारी त्या उठल्या.
हातात टमरेलं. रंगाचे डबे, तेलाचे डबे,
एकीकडं श्रीखंडाचा, झाकणासकट.
मी म्हटलं, इंदुबाई, आज नको,
चर्चा अगदी नाजूक टप्प्यावर आहे.
"आमची बी," ती म्हणाली, आणि जिना चढली.

घोषणा नाही, फलक नाही. नुसती रांग.
प्रत्येकीनं टेबलापाशी जायचं,
डबा समोर धरायचा, विचारायचं,
"सायेब, कुटं बसू?"
मग पुढची. "सायेब, कुटं बसू?"
अडतिसाव्या बाईला साहेबांनी घाम पुसत विचारलं,
लेखी काही दिलंय का तुम्ही?
मी जिन्यातच होते. फाईल छातीशी.
अकरा पत्रं, अकरांवर त्यांचाच शिक्का.
किल्ली त्यांच्याच ड्रॉवरमध्ये निघाली,
स्टेपलरच्या पिनांखाली.

शिबिरात आता मला विचारतात,
पाठपुरावा आणि आंदोलन, फरक सांगा.
मी फळ्यावर दोन रकाने आखते.
मग त्या जिन्यातली मी
कुठल्या रकान्यात लिहावी ते समजत नाही.
खडू तसाच राहतो. चहाची सुट्टी होते.

परवा इंदुबाईचा निरोप आला.
नळाचं पाणी अकरालाच जातं म्हणे.
पोत्यावर बसून मी मजकूर केला, वाचून दाखवला.
"ह्ये वतीनं म्हंजी काय?"
तुमच्यासाठी मी बोलते, असं.
तिनं एक कांदा सोलला, सडका निघाला, फेकला.
"ऱ्हाऊ दे त्यो सबुद. सायबाला कळतो त्यो.
पर या बारीला टमरेल
तू बी आन."

घरी येऊन शोधलं.
आमच्याकडं टमरेल नाही.
असायचं कारणच नव्हतं.