टपालवाल्याची दारं

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी
आमच्या मेन स्ट्रीटवर सात दुकानांचे दिवे उशिरापर्यंत जळतात.
सातच.
बाकीच्यांत दिवा लावायला कुणी उरलेलं नाही.
आधी तांब्याची खाण मिटली, मग शाळा,
मग पेल्किंचं बुटांचं दुकान.
तिथं आता चित्रं लागतात.
पाय मोजायची लोखंडी पट्टी अजून काउंटरखाली आहे;
पोरं मोजे काढून तिच्यावर उभी राहतात
आणि किती वाढलो ते अनोळखी माणसालाही सांगतात.

मी शेजारची, लाँड्रोमॅटवाली.
कलेशी माझा संबंध एवढाच, की खुर्च्या माझ्या.
बारा. एक डुगडुगते, तिच्यावर मी बसते.

मागच्या खेपेला कुणीतरी नुसता गंज रंगवला होता.
किंमत ऐकून महापौरांना ठसका लागला.
या वेळी वेंडेल ओयाला.
एक्याण्णवपासून एकतीस वर्षं या टेकडीवर टपाल वाटलं त्यानं,
बुटांना खिळे लावून, सरोवरावरून येणारं बर्फ तोंडावर घेत.
निवृत्त झाला आणि दारं रंगवायला बसला.
फेरीतली सगळी, फेरीच्याच क्रमानं,
जुन्या छपरांच्या देवदारी फळ्यांवर, तळहाताएवढी.
दोनशे चौदा दारं.
माणूस एकही नाही.

लोक आत आले ते चित्रं बघेनात,
पत्ता शोधायला लागले.
ट्रेव्हॅरोंच्या मुलानं त्यांचं दार ओळखलं
कुत्र्यानं खरवडलेल्या कोपऱ्यावरून.
कुत्रा गेला त्याला आता चार हिवाळे झाले.
सर्टिच बहिणींचं घर एक, दारं दोन,
अबोला कशावरून ते गाव विसरलं, त्या नाही.
वेंडेलनं दोन्ही दारं एकाच फळीवर काढली होती.
दोघींनी निम्मे निम्मे पैसे मोजले,
एकमेकींकडे न बघता.
आता फळी कुणाच्या भिंतीवर लागायची
यावर बोलणं सुरू झालंय म्हणतात.
भांडण म्हणा हवं तर. पण बोलणं.

लेंपी हुत्तुनेन शेवटी आली, वॉकर ढकलत.
तिचं घर गेल्या उन्हाळ्यात पाडलं.
एकशे बारा नंबर, हिरवं दार,
पायरीवर पुरुषाचे बूट.
ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली,
चुकलास वेंडेल.
उर्हो डावा बूट नेहमी उजवीकडे काढायचा.
चाळीस वर्षं सांगून दमले. तू सरळ काढलेस.

वेंडेलच्या हातात सफरचंदाच्या रसाचा कागदी पेला होता.
तो दोन्ही हातांनी धरून तो म्हणाला,
लेंपी, मी फेरीवर आलो तेव्हा
उर्होला जाऊन दोन वर्षं झाली होती.

आतलं बोलणं थांबलं नाही.
कुणी चीज कापत होतं,
माझ्याकडे भिंतीपलीकडे कुणाचं तरी मशीन
शेवटच्या पिळावर थरथरत होतं.

हो की, लेंपी म्हणाली.
मीच ठेवायचे.
बाई एकटी आहे असं दारावरून कळू नये म्हणून.
बर्फ पडलं की झटकायचे, परत ठेवायचे.
आणि सरळ ठेवायचे,
मला वाकडं बघवत नाही.

मग ती हसली, आधी थोडं, मग खांदे हलेपर्यंत,
आणि मी माझी डुगडुगती खुर्ची तिच्यामागे सरकवली
कारण हाताशी तेवढीच होती.

तिनं चित्र घेतलं नाही.
भिंतीवर राहू दे म्हणाली,
नंबर मध्येच गळला तर टपालवाला कसा जाईल पुढं?

नऊ वाजता मी खुर्च्या मोजल्या.
भिंतीवरून एक फेरी मारली, सहज.
माझं दार नव्हतं.
माझं टपाल दुकानावर येतं,
आणि दुकानाचं दार दिवसा
विटेनं अडवून उघडंच ठेवते मी, वाफ जावी म्हणून.
त्याला ते कधी बंद दिसलंच नसेल.
बाराव्या खुर्चीवर अजून लेंपी बसली होती.
मी अकरा घेऊन गेले.