पेन्सिलीचं शिसं

आधी एक खोटा आवाज करावा लागतो.
अर्ध्या मिलीमीटरचं शिसं
खांबावर तिरकं टेकवून मोडायचं. कट्.
कुठे मोडलं ते आपल्याला ठाऊक असतं.
आठही सेन्सरांनी ती जागा ओळखली
तरच पुढे त्यांच्या शब्दावर विसंबायचं.

यूनने बारा वेळा शिसं मोडलं.
तूर्बयोर्ग फरशीवरचे काळे कण
ओल्या बोटाने टिपत राहिली.
एकोणतीस वर्षं ती हे लाकडी चर्च झाडते,
फ्योर्डच्या टोकाचं, सव्वाशे माणसांचं.

"आवाज छतातून येतो," ती म्हणाली,
"हीटर लावला की तासाभरात.
माझी आईसुद्धा वरच बघायची."

शनिवारी हीटर लावला, पाचावरून अठरावर.
दोन वाजून सात मिनिटांनी
पडद्यावर एक काडी उभी राहिली.
मग दुसऱ्या सेन्सरवर, मग तिसऱ्या;
कुणाला आधी कळलं, कुणाला मागाहून,
फरक सेकंदाच्या लाखाव्या हिश्शांचा.
दोघांतला फरक म्हणजे नुसती एक वक्ररेषा:
इथे असेल, तिथे असेल, तिच्यावर कुठेही.
तिसरा बोलतो, चौथा बोलतो,
तेव्हा कुठे रेषा एकमेकींना छेदतात.
आणि लाकूड म्हणजे काही लोखंड नव्हे.
तंतूंच्या बाजूने आवाज धावतो,
आडवा जाताना रखडतो,
गाठीपाशी वळसा घेतो;
हे सगळं हिशेबात धरायचं.

टिंब उमटलं.
छतात नाही.
उत्तरेच्या खांबात, जमिनीपासून दीड वीत वर,
सहा बोटं आत,
जिथे तिचा झाडू रोज आपटतो.

तूर्बयोर्ग गुडघे मोडून बसली, तिथे तळहात ठेवला.
"म्हणजे तुटत होतं इथे."
"तंतूंतून वर गेलं," यून म्हणाला.
"वरच्या फळ्या पातळ, त्या बोलतात.
खांब बोलत नाही."
ती हसली नाही. उठताना तिचा गुडघा वाजला,
यंत्राने तो घेतला नाही.

मंगळवारी तिच्या भावाचा अंत्यविधी.
हीटर नवावर ठेवला.
सगळे कोट घालून बसले,
पाद्र्याच्या तोंडून शब्दांआधी वाफ येत होती.
खोकले, बाकांची कुरकुर, रडणं
सगळं गाळणीत गेलं; खांब गप्प.

एकदाच काड्या उठल्या, आठही:
शवपेटी वळवताना
तिचा कोपरा खांबाला लागला.

यूनने ती नोंद खोडली नाही.
जागा बरोबर आली होती.