वीज वाचवण्यासाठी

नवा लॅपटॉप आणला त्याला आज अकरावा दिवस.
बारा हप्त्यांतला पहिलाही कापला गेला नाही अजून
आणि हा दर सात-आठ मिनिटांनी
न सांगता उठून जातो जगातून.

खरेदीखतांचं इंग्रजी करते मी.
चतुःसीमा, पूर्वेस ओढा, पश्चिमेस गट नंबर अमुक,
'सदर मिळकत निर्वेध व बोजारहित'
आणि पाठवायला जावं तर
तीन कमानी आणि ठिपक्याच्या जागी
नुसता एक गोल, जाळीदार, मख्ख.

राऊटर बंद केला, तीसपर्यंत आकडे मोजले, चालू केला.
पासवर्ड विसरायला लावला यंत्राला,
पुन्हा आठवायला लावला.
स्वयंपाकाच्या ओट्यावर नेलं, वॉशिंग मशीनवर नेलं,
बाल्कनीत नेलं, जिथून वारज्याचा पूल दिसतो
आणि ट्रक, एकाचीही रेंज न जाता निघालेले.
कुणी म्हणालं आरसा लाटा अडवतो,
म्हणून आरशाचं कपाट एकटीने ढकललं.
मागे सापडली
हेमाची केसांची क्लिप, कासवी रंगाची, कॉलेजातली.
टेबलावर ठेवली.

शोधताना दिसतात शेजाऱ्यांची नेटवर्कं:
गुंजाळ वरचा मजला,
बिल तू भरतोस का,
विचारूनही मिळणार नाही.
सगळ्यांना कुलूप. सगळी ठणठणीत.

अफजल शिकलगार आला कंपनीकडून,
हेल्मेट न काढताच फोन धरला हवेत.
'सिग्नल फुल आहे, ताई.
प्रॉब्लेम तुमच्या मशीनमध्ये.'
मला ते ठाऊक होतंच.
कारण पलीकडच्या खोलीत हेमाचा नऊ वर्षांचा डबा
(र झिजलेला, चार्जरला रबरबँड,
बॅटरी मेली म्हणून कायम भिंतीला जुंपलेला)
एकदाही तुटत नाही.

पण तिला कसं विचारणार?
आईच्या पाटल्या झाल्यापासून
आम्ही एवढंच बोलतो:
दूध आलं. सिलिंडर लावलाय. उद्या गुरुवार, पाणी नाही.
सात महिने.

गुरुवारी रात्री अकराला
पिंपातलं पाणी घ्यायला ती आली
आणि तांब्या हातात घेऊन माझ्या पाठीशी थांबली.
'चार्जिंगला लाव.'
लावलं.
वीस मिनिटं. तुटलं नाही.
'आता काढ.'
काढलं. भिंतीवरचं घड्याळ दोघी बघत राहिलो,
परीक्षेच्या निकालासारखं.
सातव्या मिनिटाला गेलं.

मग ती वाकली. दार उघडून आतलं दार, त्याच्या आतलं दार,
एक चौकट, एक टिक:
वीज वाचवण्यासाठी
हे उपकरण बंद करण्याची संगणकाला परवानगी द्या.

मी दिली नव्हती.
कारखान्यातूनच दिलेली होती कुणीतरी.

'जरा वेळ कुणी काही बोललं नाही,' हेमा म्हणाली,
'की याला वाटतं, संपलं. झोपतो.
मग उठवायला गेलं तर धड उठत नाही.'
यंत्राबद्दलच बोलत होती ती.
टिक काढली. ठीक आहे म्हटलं. बंद, चालू.

खरेदीखत गेलं, मौजे शिवण्याचं, सतरा पानी,
एका दमात.

'तुला कसं कळलं,
दर सात मिनिटांनी जातं ते?'
'तुझ्या शिव्या येतात भिंतीतून,' म्हणाली. 'मोजल्या.'

तांब्या खाली ठेवून तिने क्लिप उचलली,
पुसली, केसांना लावून पाहिली. केस आता तेवढे नाहीत.
घसरली. पुन्हा लावली.

'बॅटरी लवकर उतरेल हं आता.'

उतरू दे, म्हटलं.